स्टेअरिंगमधली हवा आणि एस्टिमेटमधली हवा

रनाळेकर मंडळी, पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या दारात गाडी नाही त्यांनीही वाचा. रात्री-बेरात्री कुणाला नंदुरबारला दवाखान्यात न्यायचं झालं की आपण सगळेच कुणाच्या ना कुणाच्या जीपमध्ये बसतो. त्या जीपचं स्टेअरिंग कसं आहे, हे तेव्हा कुणी विचारत नाही.

मुद्दा असा. पॉवर स्टेअरिंगच्या ऑईलमध्ये हवा शिरली तर ती घरच्या अंगणात, एका दुपारी, लिटरभर ऑईल आणि दोन माणसांच्या भरवशावर काढता येते. काम अवघड नाही, आणि त्यात गुपित तर काहीच नाही. तरी आपल्याकडे नुसत्या हवेपायी पंप बदलले जातात, रॅक बदलले जातात, आणि गाडीवाला मुकाट्याने पैसे मोजतो. वरून उपदेश असतोच: "स्टेअरिंगला घरी हात लावायचा नाही भाऊ, जिवाशी खेळ आहे, कंपनीत न्या." या उपदेशाशीच माझं भांडण आहे.

ओळखीतल्या एका भाऊची जुनी जीप आहे. लग्नसराईत भाड्याने चालते, एरवी मिरची आणि माणसं वाहते. स्टेअरिंग वळवलं की घुंऽऽ असा आवाज, जागेवर वळवताना जड, मध्येच हिसका. शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये नेली. नाव लिहीत नाही, कारण ही तऱ्हा एकट्या त्यांची नाही. दहा मिनिटांत हातात कागद: पंप, रॅक, ऑईल आणि मजुरी धरून २२ हजार. भाऊने कागद खिशात घातला आणि गाडी तशीच परत आणली. संध्याकाळी आम्ही ऑईलच्या डब्याचं झाकण काढलं तर आत ताक घुसळल्यासारखा फेस. ऑईल खालच्या खुणेच्याही खाली. डब्यातून पंपाकडे जाणाऱ्या रबरी पाईपची क्लिप बोटाने गरगर फिरत होती. नवी क्लिप लावली, ऑईल भरलं, हवा काढली. खर्च पाचशेच्या आत. पंप तोच, रॅक तोच, गाडी तेव्हापासून रोज चालतेय.

२२ हजारांचं सोडा, धंदा आहे, आकडा लिहिणारा लिहितो. झाकण न उघडता लिहिला, याची मला चीड आहे. डॉक्टरने नाडीला हात न लावता ऑपरेशन सांगावं, तसं हे झालं.

आता मला एक सांगा. आपल्या गावात ट्रॅक्टरचं डिझेल शेतात संपलं आणि लाईनमध्ये हवा शिरली तर आपण काय करतो? शोरूमला फोन करतो का? तेरा-चौदा वर्षांचं पोरगं पाना घेऊन येतं, फिल्टरवरचा स्क्रू सैल करतं, हातपंपाची कळ दाबत राहतं, बुडबुडे थांबून सलग डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळतं. पाच मिनिटं. विहिरीवरची मोटर हवा धरते तेव्हाही आपणच पाणी भरून तिची हवा काढतो. ठिबकच्या मेन लाईनवर हवेचा व्हॉल्व्ह कशाला असतो, हे इथल्या बायामाणसांनाही ठाऊक आहे. हवा आणि पाणी, हवा आणि तेल यांचं भांडण ज्याला रनाळ्यात कळत नाही असा माणूस शोधून दाखवा. मग गाडीचं बॉनेट उघडल्यावर आपण अडाणी कसे ठरतो?

पॉवर स्टेअरिंगमध्येही तेच भांडण आहे. इंजिनच्या पट्ट्यावर एक छोटा पंप फिरतो. तो डब्यातलं ऑईल ओढतो आणि जोराने रॅककडे किंवा स्टेअरिंगच्या गिअरबॉक्सकडे ढकलतो. तुम्ही स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की आतला व्हॉल्व्ह ते ऑईल डाव्या वळणाच्या कामाला लावतो, उजवीकडे फिरवलं की उजव्या. ऑईल परत डब्यात येतं. ऑईल दाबलं जात नाही, म्हणून त्याचा जोर सरळ पुढे पोचतो. हवा मात्र दाबली जाते. होळीच्या पिचकारीत पाणी भरून तोंड बोटाने बंद करा आणि दांडा दाबा, हलणार नाही. रिकामी पिचकारी तशीच दाबा, दांडा निम्मा आत जाईल. स्टेअरिंगमध्ये हवा शिरली की पंपाचा जोर त्या हवेला दाबण्यात वाया जातो. म्हणून जडपणा, म्हणून हिसका, म्हणून तो घुंऽऽ आवाज.

यात नवं तंत्र काही नाही. बाजारातल्या गाडीत पॉवर स्टेअरिंग पहिल्यांदा १९५१ मध्ये अमेरिकेत क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये आलं. सत्तर वर्षांहून जुनी गोष्ट आहे. एवढ्या जुन्या यंत्राची साधी निगा आपल्याला आपल्या भाषेत कुणी शिकवली नाही, ही लाज कुणाची?

मग कसं करायचं ते मीच लिहितो. ज्यांना "घरी करू नका" म्हणायचं आहे त्यांनी हा भाग नीट वाचून यातलं काय चूक आहे ते दाखवावं.

आधी गाडी ओळखा. तुमच्या गाडीला ऑईलवालं स्टेअरिंग आहे का? जुन्या जीपा, सुमो, बोलेरो, जुनी इनोव्हा यांत बहुतेक असतं. हल्लीच्या लहान गाड्यांत बहुधा इलेक्ट्रिक असतं, त्यात ऑईलही नाही आणि डबाही नाही. ती असेल तर पुढचं तुमच्यासाठी नाही. तुमच्यासाठी वेगळी बोंब आहे, तीही खाली मारली आहे.

इंजिन थंड असताना झाकण उघडा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. ऑईल स्वच्छ आहे की फेसाळ? खुणेवर आहे की खाली? कमी झालं असेल तर ते गेलं कुठे? कारण हवा काही जादूने शिरत नाही. ऑईल कमी झालं की पंप हवा ओढतो, नाही तर डब्याकडून पंपाकडे येणाऱ्या पाईपची क्लिप सैल झालेली असते, पाईपला चीर असते, रबरी रिंग वाळलेली असते. गंमत अशी की या ओढणाऱ्या पाईपातून ऑईल बाहेर न टपकताही हवा आत जाऊ शकते. म्हणून "लीकेज तर दिसत नाही" म्हणून सोडून देऊ नका, क्लिपा हाताने हलवून बघा. हे भोक न बुजवता हवा काढणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं.

ऑईल कोणतं, हे डब्याच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पुष्कळ गाड्यांना एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरचं ऑईल चालतं, काही कंपन्यांचं स्वतःचं वेगळं असतं. लिहिलं असेल तेच घाला. ब्रेक ऑईल चुकूनही घालू नका. ते वेगळ्या जातीचं असतं, आतल्या रबरी सीलचा सत्यानाश करतं, आणि मग खरोखरच रॅक बदलायची पाळी येते. इंजिन ऑईलही नको.

मग गाडी सपाट, कडक जागेवर घ्या. आपल्या काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक वर. पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून सुटतील एवढी उचला आणि चेसिसखाली लोखंडी घोड्या द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून काम करायचं नाही. या कामात गाडीखाली शिरायची गरजच नाही, तेव्हा शिरूच नका. चाकं कशाला उचलायची? कारण इंजिन बंद असताना जमिनीवरची चाकं वळवायला पैलवान लागतो आणि टायर घासतात ते वेगळंच.

आता इंजिन बंदच. चावी फिरवून स्टेअरिंगचं लॉक फक्त उघडा. डबा खुणेपर्यंत भरा, झाकण उघडं ठेवा. एक जण स्टेअरिंगवर, दुसरा डब्यावर डोळा ठेवून. स्टेअरिंग सावकाश डावीकडे शेवटपर्यंत, मग सावकाश उजवीकडे शेवटपर्यंत. असं पंधरा-वीस वेळा. घाई केली की ऑईलचा अजून फेस होतो. डब्यात बुडबुडे वर येताना दिसतील आणि ऑईल खाली उतरेल, कारण हवेची जागा ऑईल घेतं. दुसऱ्या माणसाने ते भरत राहायचं. डबा मध्येच रिकामा झाला तर परत पहिल्यापासून सुरू. बुडबुडे यायचे थांबले की अर्धं काम झालं.

मग इंजिन सुरू करायचं, नुसतं आयडलवर, रेस द्यायची नाही. पट्टा फिरत असतो, तेव्हा गळ्यातला रुमाल, उपरणं, ढगळ बाही दूर. पुन्हा सावकाश डावं-उजवं, आठ-दहा वेळा. एक गोष्ट लक्षात ठेवा: स्टेअरिंग शेवटाला टेकल्यावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. तिथे दाब सगळ्यात जास्त असतो, ऑईल तापतं, पंपाला त्रास होतो. पार्किंगमध्ये गाडी काढताना आपण सगळे नेमकं हेच करतो, तेही सोडा.

हवा संपली की नाही याची परीक्षा फुकट आहे. इंजिन चालू असताना डब्यातली पातळी बघा, बंद केल्यावर परत बघा. बंद करताच ऑईल चांगलंच वर चढलं तर आत हवा शिल्लक आहे, कारण दाब गेला की दबलेली हवा फुगते आणि ऑईलला वर ढकलते. मग तासभर गाडी तशीच ठेवा, फेस बसू द्या, पुन्हा करा. कधी रात्रभर ठेवावी लागते. पातळी हलली नाही, फेस नाही, आवाज नाही, म्हणजे झालं. झाकण लावा, गाडी खाली घ्या, आणि रस्त्यावर न्यायच्या आधी मोकळ्या मैदानात चार चकरा मारा.

एवढंच आहे. हेच ते "जिवाशी खेळ" म्हणून सांगितलं जाणारं काम.

कुठे थांबायचं हेही सांगतो, नाही तर उद्या कुणी रॅक खोलून बसेल आणि माझं नाव घेईल. इतकं करूनही हवा परत परत येत असेल, ऑईल दर चार दिवसांनी कमी होत असेल, जोराच्या दाबाचा पाईप पाझरत असेल, स्टेअरिंगमध्ये ढिलाई वाटत असेल, खाली टाय रॉडला खडखड असेल, तर मेकॅनिककडेच जा. जोराच्या पाईपला कापडाच्या पट्ट्या गुंडाळणारे महाभाग मी पाहिलेत. ते करू नका.

आता त्या "सुरक्षे"च्या मुद्द्याकडे येतो, कारण तोच तोंडावर फेकला जातो. मी म्हणतो, सुरक्षेचा एवढा कळवळा असेल तर उलट हे काम गावागावात शिकवलं पाहिजे. का ते बघा. ज्याच्याकडे २२ हजार नाहीत तो काय करतो? गाडी उभी ठेवतो? उभी ठेवली तर हप्ता कोण भरणार? तो तसंच जड, हिसके देणारं स्टेअरिंग घेऊन धंद्याला जातो. महाशिवरात्रीला तोरणमाळ, होळीला काठी, दत्तजयंतीला सारंगखेडा, आणि गाडीत माणसं किती ते तुम्हाला माहीत आहे. पॉवर गेली तरी चाकं वळतात हे खरं, मधला लोखंडी सांधा असतोच. पण चांदशैलीच्या घाटात हळू वेगात, भरल्या गाडीने वळण घेताना तो जोर एकदम हातावर येतो, तेव्हा काय होतं ते स्टेअरिंगवर बसलेल्यालाच कळतं. पाचशे रुपयांत, एका दुपारी हे सुटतं हे त्याला माहीत असतं तर तो तसा घाट चढला असता का? म्हणजे "घरी करू नका" या उपदेशाने गाडी दुरुस्त होत नाही, ती तशीच रस्त्यावर येते.

आणि अजून एक. पंपाच्या आतल्या पात्यांना वंगण मिळतं ते याच ऑईलचं. ऑईलचा फेस झाला की वंगण संपलं. हवा असलेली गाडी तशीच चालवत राहिलं की पंप खरंच झिजतो, आणि मग तो २२ हजारांचा कागद खरा ठरतो. खोटं एस्टिमेट चार महिन्यांत खरं करून दाखवायची ही युक्ती आहे. मुद्दाम कुणी करतं असं मी म्हणत नाही. पण होतं असंच.

वर्कशॉपमधल्या पोरांवर माझा राग नाही, हे इथेच लिहितो. ती आपलीच पोरं आहेत, शिंदखेड्याची, शहाद्याची, तळोद्याची. पार्ट बदलला तर पैसे, नुसती क्लिप आवळली तर काय मिळणार? पार्ट विकण्यावरच धंदा उभा केला की पोरगा पार्टच विकणार.

हे मी एकटा बरळतोय असं कुणाला वाटत असेल तर देशातलंच उदाहरण घ्या. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. मारुती, टाटा, महिंद्रा, होंडा, टोयोटा, सगळे त्यात होते. गुन्हा काय? सुटे पार्ट, दुरुस्तीची पुस्तकं आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न देणं, म्हणजे ग्राहकाला आपल्याच दारात बांधून ठेवणं. पुढे अपिलं झाली, ती कोर्टकचेरीची गोष्ट वेगळी. पण त्या आदेशातलं एक वाक्य प्रत्येक गाडीवाल्याने पाठ करावं असं आहे. त्याचा अर्थ असा: बाहेरच्या मेकॅनिककडे काम केलं एवढ्याच कारणाने कंपनीने सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही. बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. "बाहेर झाकण उघडलं तर वॉरंटी गेली" म्हणून दम देणाऱ्याला हे शांतपणे ऐकवा.

त्यानंतर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल, घरातली उपकरणं आणि वाहनं, असे चार विभाग त्यात आहेत. चांगलं आहे. पण पोर्टलवर कंपनीने माहिती टाकली तर टाकली. दुरुस्तीचं पुस्तक द्यावंच लागेल, असं कायद्याने बांधलेलं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मत देऊन गाड्यांसाठी असा कायदा करून घेतला. कोलोरॅडोत २०२३ मध्ये शेतकऱ्यांना त्यांचे ट्रॅक्टर स्वतः दुरुस्त करायचा कायदेशीर हक्क मिळाला. तिकडचे शेतकरी त्यासाठी भांडले. आपण मात्र गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकसकट ठेवतो आणि इन्शुरन्सच्या वेळी बाहेर काढतो. त्यातही बहुतेकांच्या हातात येतं ते इंग्रजी पुस्तक. मराठी मुलखात गाडी विकायची, तर पुस्तक मराठीत का नको? जाहिरात मराठीत करता येते, हप्त्याचा तगादा मराठीत लावता येतो, मग ऑईल कोणतं घालायचं ते मराठीत सांगायला काय होतं?

इलेक्ट्रिक स्टेअरिंगवाल्यांची बोंब मारायची राहिली. तिथे हवेचा प्रश्नच नाही, पण दिवा पेटला तर कारण कळायला स्कॅनर लागतो, आणि नव्या पार्टला गाडीशी जुळवून घ्यायला कंपनीचं सॉफ्टवेअर. म्हणजे आज जुन्या जीपचं झाकण निदान आपल्याला उघडता तरी येतं. दहा वर्षांनी ही जुनी धुडं भंगारात गेली की उघडायला झाकणही उरणार नाही. म्हणून हा प्रश्न आत्ताच भांडायचा आहे.

आपल्याच माणसांनाही दोन शब्द. कंपनीला शिव्या घालून आपण सुटत नाही. रस्त्यावरच्या किती गॅरेजांत समोर जो कॅन असेल तो ओतला जातो? "चालतंय भाऊ, ऑईल ते ऑईल." नाही चालत. आणि काढलेलं जुनं ऑईल गटारात, नाही तर बांधावर. तेच पाणी पुढे विहिरीत झिरपतं. जुनं ऑईल कॅनमध्ये साठवा, ते गोळा करणारे घेऊन जातात. मोठ्या वर्कशॉपला नावं ठेवायची आणि स्वतः हे करायचं, तर मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक बिलापुरताच.

आणि बिल मागा. पक्कं. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. पार्ट बदलला तर जुना पार्ट परत मागा आणि त्यात काय बिघडलं होतं ते दाखवायला सांगा. एस्टिमेटवर कारण लिहून मागा: "पंप बदलणे" एवढंच नको, "पंप का बदलणे" तेही. कुणी टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. फोन करा, तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

आता सरकारकडे मागायचं ते. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं एका दिवसात उद्घाटन झालं, पंतप्रधानांच्या हस्ते, ऑनलाईन. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. यंत्रणा नाही असं नाही. पण ज्याच्याकडे दोन वर्षं नाहीत, ज्याची दहावी झालेली नाही, जो आज गाडी चालवून पोट भरतोय, त्या ड्रायव्हरसाठी एका दिवसाचं काही आहे का? त्याला सर्टिफिकेट नको. ऑईलची पातळी, पट्टा, क्लिपा, कूलंट, हवा काढणं, ब्रेकमध्ये काय बघायचं आणि कशाला हात लावायचा नाही, एवढं कुणी तरी त्याच्या भाषेत, त्याच्या गाडीवर दाखवलं पाहिजे. एमएच-३९ ची पाटी असलेल्या निम्म्या भाड्याच्या गाड्यांची तब्येत त्याने सुधारेल, असं माझं मत आहे. रस्ता सुरक्षा सप्ताहात आपल्याकडे हेल्मेटची रॅली निघते आणि गुलाबाचं फूल देतात. त्यातला एक दिवस बॉनेट उघडून घालवला तर बिघडेल काय?

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी देणार आहे. अर्जात तीन मागण्या आहेत: वर्षातून दोनदा, लग्नसराईच्या आधी आणि यात्रांच्या आधी, गावातल्या चालकांसाठी एक दिवसाचं दुरुस्ती शिबिर, आयटीआयच्या शिक्षकांना त्यासाठी गावात बोलवावं म्हणून पंचायतीचं पत्र, आणि वाहन कंपन्यांनी पुस्तक मराठीत द्यावं म्हणून ग्रामसभेचा ठराव, जो केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाला पाठवायचा. एका गावाच्या ठरावाने काय होणार, असं कुणी म्हणेलच. स्पर्धा आयोगातलं ते १४ कंपन्यांचं प्रकरणही एका ग्राहकाच्या तक्रारीवरूनच सुरू झालं होतं.

अर्जाचा कागद तयार आहे. सही करायची असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर पारावर भेटा. गाडीवाल्यांच्या आणि बिनगाडीवाल्यांच्या, दोघांच्याही सह्या हव्यात.